रुमाल टाकून धरलेली जागा

ता. १२ जून

वन्सं, नमस्कार.

पत्र बघून दचकू नका, कुणाला काही झालेलं नाही. म्हणजे झालंय, पण ते तुम्हीच केलंय. फोन का नाही केला म्हणाल तर माझा फोन मी विकला. तुमचे डॉक्टर ठकूला म्हणाले ना, सारखं जवळचं बघून डोळे बिघडतात, म्हणून तो आधी घरातून काढला. तुमच्या भावाच्या फोनवरून करावा तर त्यांनी तुमच्याशी अबोला धरलाय. "माझ्या पोरीला मला न विचारता डॉक्टरकडे नेलीच कशी, आत्या आहे की मालकीण?" हे रोज जेवताना एकदा होतंच. म्हणून लिहायला बसले. माझं शिक्षण सातवीपर्यंत, चुका काढत बसू नका.

सुट्टीला म्हणून पोर तुमच्याकडे पाठवली, आणि परत आली ती चष्मा लावून, पिशवीत थेंबांची बाटली घेऊन. सात वर्षांची आहे हो ती. गाडीतून उतरताना मी ओळखलंच नाही तिला, दुसऱ्याच कुणाच्या तरी पोरीकडे हात केला. दोन नंबर म्हणे. दोन वर्षं माझ्या डोळ्यांदेखत ती टीव्हीपुढे जाऊन उभी राहायची आणि मी तिला लाडात आलीस म्हणून धपाटा घालायची. ते आठवलं की जेवण जात नाही.

आता त्या थेंबांचं बोला. तुमची चिठ्ठी मी चारदा वाचली. थेंबांनी नंबर उतरेल का? नाही. चष्मा जाईल का? नाही. नंबर वाढायचा थांबेल का? तेही नक्की नाही, "हळू वाढेल अशी आशा". आणि हे किती दिवस? दोन-तीन वर्षं, जास्तही! मग हे औषध आहे की नवस आहे? आमच्या कारखान्यात बिस्किटं भरताना माझ्या शेजारी जी उभी असते ती म्हणाली, हे थेंब विषारी झाडापासून काढतात. त्या दिवशी माझ्या हातून अख्खा खोका सांडला. ठकू सांगते, तपासायला थेंब घातले तेव्हा तिला स्वतःचं बोटसुद्धा नीट दिसत नव्हतं. आणि तसलंच काही मी रोज माझ्या हातानं तिच्या डोळ्यात घालू?

नीट समजावून सांगा. ओरडू नका.

तुमची भावजय


ता. २१ जून

अगं बाई,

चष्म्याच्या भीतीनं फोन विकणारी जगात तू एकटीच असशील. ठकूच्या हातात देऊ नकोस एवढंच सांगितलं होतं, विकायला कुणी सांगितलं? आणि माझ्या भावाला, बाळ्याला म्हणावं, अबोला धर, पण थेंबांशी धरू नकोस.

आता ऐक. मी काही डॉक्टर नाही, शिलाईच्या कारखान्यात शर्टांचे टाके तपासते. पण माझा नंबर चौदा आहे आणि निम्मं आयुष्य डोळ्यांच्या डॉक्टरांपुढे हनुवटी टेकून गेलंय, त्यामुळे जे कळलं ते सांगते.

ठकूचा डोळा लांब वाढतोय. गोळा गोल राहायचा तो अंड्यासारखा होतोय. म्हणून लांबचं धूसर दिसतं. डोळ्याच्या आत सारखे निरोप फिरत असतात आणि ते निरोप घ्यायला ठरावीक जागा असतात. निरोप जाऊन आपल्या जागेवर बसला की पुढचं काम सुरू होतं. हे थेंब काय करतात, तर आधीच जाऊन त्या जागेवर बसतात. बसमधे आपण खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो ना, तसं. निरोप येतो, बघतो, जागा अडलेली. उभा राहतो आणि परत जातो. त्यामुळे डोळ्याची लांब व्हायची घाई कमी होते. नेमकी कुठली जागा अडवल्यानं हे होतं ते डॉक्टरांनाही पुरतं कळलेलं नाही, त्यांनी तसं तोंडावर सांगितलं. पण पुष्कळ पोरांमधे वेग कमी झालेला बघितलाय. सगळ्यांमधे नाही. मी तुला खोटं सांगणार नाही.

विषाचं म्हणशील तर मूळ औषध त्या झाडातलंच. म्हणून तर इतकं पातळ करतात. आणि ठकूला बोट दिसत नव्हतं ते तपासणीचे कडक थेंब होते, वेगळे. बाटली वर ठेव, कुणाच्या तोंडात जाऊ देऊ नकोस, आणि एका डोळ्यात एकच थेंब. रात्री निजवताना. बाहुली थोडी मोठी होते, उजेड टोचतो, जवळचं जरा पुसट दिसतं, ते सगळं झोपेत निघून जातं. सकाळी पोर मोकळी.

आणि तिला उन्हात खेळायला सोड. रोज. थेंबांइतकंच तेही औषध आहे.

तुझी वन्सं


ता. ९ ऑगस्ट

वन्सं,

रुमालाचं ठकूला सांगितलं. झालं, आता थेंबांचं नावच रुमाल पडलं. बाटली हातात घेतली की डोळे मोठे करून म्हणते, "आई, टाक रुमाल." तिला मजा, माझा जीव मुठीत. पण घालते. एक दिवस चुकला नाही. तुमच्या भावासमोर, सासूबाईंसमोर, सगळ्यांसमोर वाईटपणा घेऊन घालते. सासूबाई म्हणतात, "आमच्या वेळी कुणाच्या डोळ्यात असलं काही घातलं नाही." मी म्हटलं, "म्हणूनच तुमच्या लेकीचा नंबर चौदा आहे." दोन दिवस त्याही बोलत नव्हत्या. तुमच्या घराण्यात अबोल्याला काय, नुसतं निमित्त लागतं.

पण तुम्ही सांगितलं तसं काही होत नाहीये. पोर उन्हात गेली की डोळे मिटून घेते, कपाळावर हात धरते. बाईंनी शाळेतून निरोप पाठवला, पहिल्या तासाला पुस्तक लांब धरून वाचते, अक्षरं पुसली म्हणते, दुपारनंतर बरी असते. मला बोलावून विचारलं, घरी काही त्रास आहे का. घरी काही त्रास आहे का! काय सांगू, आत्या आहे म्हणून?

मी आता खिडकीला जाड चादर लावली आहे. शाळेतून आली की आत. खेळायला सोडत नाही. डोळे मिटून रस्त्यावर पळाली आणि काही झालं तर? उन्हासाठी तुम्ही पाठवलेली टोपी पोचली, पण ती घालायला ती बाहेर तर जायला पाहिजे.

रात्री घाल, रात्री घाल हे पुन्हा लिहू नका. घालते म्हणजे घालते.

आणि एक विचारू? तुम्ही पत्र काय धावत्या बसमधे लिहिता का? सगळ्या ओळी उताराला लागल्यात. शेवटची तर कागदावरून पडायला आली होती. एवढा राग असेल तर लिहूच नका.

तुमची भावजय


ता. १८ ऑगस्ट

चादर काढ. आधी चादर काढ, मग पुढचं वाच.

ज्या पोरीला उजेडाची गरज आहे तिला तू अंधारात कोंडून ठेवलीस? एकीकडून थेंब घालायचे आणि दुसरीकडून दार लावायचं, मग डोळ्यानं ऐकायचं कुणाचं? इतक्या पातळ थेंबांनी सकाळी इतका त्रास व्हायला नको. दोन-दोन थेंब घालतेस का? की पोर रडली म्हणून डोळा चोळतेस? खरं सांग. काहीतरी गडबड आहे आणि ती मला इथून दिसत नाही, त्याचाच वैताग येतो.

नाहीतर तिकडच्या कुठल्याही डोळ्यांच्या डॉक्टरला दाखव. तेही नको असेल तर डिसेंबरात तपासणीला आण. तू येऊ शकत नसशील तर बाळ्याला पाठव. अबोला धरूनच ये म्हणावं, डॉक्टरांना त्याच्या आवाजाची गरज नाही.

ओळींचं काय घेऊन बसलीस. घाईत लिहिते.

वन्सं


ता. २७ डिसेंबर

भावजयबाई,

काल तुझा नवरा आणि लेक परत गेले, तुला कळलं असेलच. पण तो तुला सगळं सांगेल असं वाटत नाही, म्हणून मी सांगते.

दवाखान्यात आम्ही एका बाकावर. मधे ठकू. बाळ्या म्हणतो, "ठकू, आत्याला विचार अजून किती वेळ." मी म्हणते, "ठकू, बाबांना सांग, समोर भिंतीवर घड्याळ आहे." पोर बिचारी इकडून तिकडे बघून कंटाळली. शेवटी म्हणाली, "तुम्ही दोघं एकमेकांना चिठ्ठ्या लिहा." बाकावरची सगळी माणसं हसली.

आत गेल्यावर हसू राहिलं नाही. दोनचे पावणेतीन झालेत. सहा महिन्यांत. डॉक्टरांनी विचारलं, थेंब चालू आहेत ना? मी म्हटलं रोज. आणि ठकू म्हणाली, "हो, आई रोज शाळेत जायच्या आधी घालते."

शाळेत जायच्या आधी.

मला तिथं खुर्चीतून उठावंसं वाटलं. सहा महिने मी तुला लिहितेय रात्री, रात्री, रात्री. तू मला लिहितेस घालते म्हणजे घालते. सकाळी थेंब घालून तू तिला भर उन्हात पाठवलीस, तिला ऊन टोचलं, म्हणून उन्हाला बंदी केलीस, आणि दिवसभर चादरीआड बसून ती काय करते? तर नाकाला पुस्तक लावून चित्रं रंगवते! डॉक्टर म्हणाले, थेंब वाया गेले असं म्हणता येणार नाही, नसते तर कदाचित आणखी वाढला असता, हेही सांगता येत नाही. आता थेंबांचा जोर थोडा वाढवून दिलाय. पण रात्रीच घालायचे आणि पोर बाहेर सोडायची.

का केलंस असं? विसरलीस म्हणावं तर तू विसरणारी नाहीस. मग का?

वन्सं


ता. ४ जानेवारी

वन्सं,

का म्हणून विचारता? तुम्ही सहा महिन्यांत एकदा तरी विचारलंत का, की रात्री मी कुठे असते?

मी रात्री कारखान्यात असते. ठकू जेवायच्या आत मी घरातून निघते, सकाळी तिच्या उठायच्या वेळेला येते. हे तुम्हाला माहीत आहे. रात्री घाल म्हणायला काय जातं. कुणी घालायचे? सासूबाईंना सुईत दोरा ओवता येत नाही, त्या डोळ्यात थेंब घालणार? तुमचा भाऊ? त्यांना पहिल्याच आठवड्यात सांगून गेले होते. सकाळी येऊन बघते तर हे टीव्ही लावून घोरतायत, बाटली जमिनीवर, झाकण उघडं, आणि पोर शेजारी झोपलेली. विषारी औषध, वन्सं. त्या दिवशी मी ठरवलं, माझ्या हाताशिवाय कुणाच्या हातानं तिच्या डोळ्यात काही जाणार नाही. कारखान्यातून आले, हात धुतले, तिला उठवलं, थेंब घातले, समोर बसून बघत राहिले आंधळी होते की काय. रोज. हसू नका. रोज मला तसंच वाटायचं. शाळेच्या दारापर्यंत मी तिला विचारत जायची, "ती पाटी वाच, तो आकडा वाच." ती वैतागून म्हणायची, "आई, दिसतंय गं मला."

तुम्हाला खरं सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, रात्रपाळी सोड. ती सुटत नाही. म्हणून लपवलं. आणि त्यानंच तिचा नंबर वाढला असेल तर ते मला तुम्ही सांगायची गरज नाही, मी स्वतःलाच दिवसातून पन्नास वेळा सांगते.

आता तुम्ही सांगा. मला लपवते म्हणता, तुमचं काय?  काल हे म्हणाले, "ताईनं पाणी दिलं ते पेल्याच्या बाहेर ओतलं. दार उघडताना कडी हातानं चाचपत होती. मला वाटलं रागानं बघत नाही माझ्याकडे. नंतर वाटलं, बघत नाही की दिसत नाही?" विचारायचं तर अबोला आडवा आला. काय माणसं आहात तुम्ही!

ओळी अजून उतारावरच आहेत, वन्सं. ही घाई नाही.

तुमची भावजय


ता. १५ जानेवारी

अगं,

खरं आहे तुझं. रात्री तू कुठे असतेस ते मला माहीत होतं आणि मी त्याचा विचारच केला नाही. डॉक्टर म्हणाले रात्री, मी लिहिलं रात्री. सांगणं सोपं असतं.

आता माझं. मार्चमधे एका सकाळी शर्टाची कॉलर तपासत होते. डाव्या डोळ्यात खालून एक काळं काहीतरी वर यायला लागलं. पडदा ओढावा तसं. मला वाटलं चष्म्याला दोरा चिकटला. पुसला, पुन्हा पुसला. दुपारपर्यंत निम्मी कॉलर गेली. डोळ्याच्या आतला पापुद्रा सुटला होता. फुगा जास्त फुगवला की रबर पातळ होतं ना, तसा लांब झालेल्या डोळ्याच्या आतला पापुद्रा ताणला जातो. चौदा नंबरवाल्यांचं होऊ शकतं, सगळ्यांचं होत नाही. माझं झालं. ऑपरेशन केलं, पण डाव्यानं आता हात हलला एवढंच कळतं. तुम्हाला कळवलं नाही, कारण आई रडत बसली असती आणि बाळ्या नोकरी सोड म्हणत आला असता. कारखान्यानं मला टाके तपासण्यावरून काढून घड्या घालायला बसवलंय, तुला टाके तपासते असं लिहिलं ते हे लपवायला. घड्या हातालाही कळतात.

मे महिन्यात ठकू आली. दारात उभी राहून समोरच्या दुकानाची पाटी वाचायला तिनं डोळे बारीक केले. तसे, जसे मी शाळेत करायची.  बाळ्याला विचारायला थांबले असते तर तो म्हणाला असता, पुढच्या वर्षी बघू. मी नाही थांबले. माझ्या वेळी रुमाल टाकायला कुणी नव्हतं, सगळे निरोप येऊन आरामात बसले. तिच्या वेळी कुणीतरी जागा धरावी, एवढंच माझं म्हणणं होतं. ते मी हुकूम सोडल्यासारखं सांगितलं.

तुझ्यावर एवढी चिडले ती तू चुकलीस म्हणून नाही. तिचा डोळा माझ्यासारखा व्हायच्या आत काही करायची मला घाई आहे म्हणून.

हे बाळ्याला वाचून दाखवू नकोस.

वन्सं


ता. २२ जून

वन्सं, नमस्कार.

तुमचं ते पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. तुम्ही नको म्हटलं म्हणूनच दाखवलं. ऐकून उठले, बाहेर गेले, आणि तुम्हाला फोन लावला. पुढचं तुम्हाला माहीत आहे. तेव्हापासून तुम्ही बहीणभाऊ फोनवर तासभर भांडता आणि मला बोलायला शेवटचं मिनिटही मिळत नाही. पत्रात मला मधेच कुणी तोडत नाही, म्हणून हे पत्र.

त्या रात्रीपासून थेंब तेच घालतात, हे त्यांनी तुम्हाला छाती पुढे काढून सांगितलं असणार. पहिल्या दिवसाचं सांगितलं का? नसेलच. एक थेंब गालावर, एक उशीवर, एक कानात. ठकू म्हणाली, "बाबा, तिथं कुणी बसत नाही. डोळ्यात टाका." सासूबाईंनी बॅटरी धरली होती, ती सरळ त्यांच्याच डोळ्यावर. घरात तिघं माणसं आणि एक बाटली, आणि मी कारखान्यात जीव टांगून उभी. आता जमतं त्यांना. टीव्ही बंद करून, हात धुऊन बसतात. झाकण लावून बाटली वर ठेवली की मला आमच्या मुकादमाच्या फोनवर नुसतं "टाकला" एवढंच लिहून पाठवतात. मुकादम मला ओरडून सांगतो, "बाई, तुमचा रुमाल पडला." पहिल्या दिवशी सगळ्या बायका खाली वाकून शोधायला लागल्या.

चादर सासूबाईंनी काढून धुऊन टाकली. ठकू संध्याकाळपर्यंत बाहेर असते, तुमची टोपी एकदा झाडावर अडकली, एकदा गटारात. गुडघे फुटलेत, चेहरा काळवंडलाय. आत ये म्हणून ओरडायला तोंड उघडते आणि मिटते. किती वैताग आहे सांगू हा, पोरीला बाहेर खेळ म्हणून सांगायचं!

परवाच्या तपासणीचं कळलंच असेल तुम्हाला, तुम्ही तिथंच होता. पावणेतीनचे तीन. सहा महिन्यांत नुसता तेवढाच. हे म्हणतात थेंबांनी, सासूबाई म्हणतात उन्हानं, डॉक्टर म्हणतात बघत राहू, पुढच्या वर्षी पुन्हा वेग धरू शकतो. मी कुणाचंच ऐकत नाही. मी चष्मा पुसते आणि तिला शाळेत सोडते. पाट्या वाच म्हणून सांगत नाही आता. म्हणजे एखादी सांगते.

पण तुमची गंमत हे सांगत होते. ठकूच्या डॉक्टरांना शंभर प्रश्न विचारलेत म्हणे. आणि त्यांनी विचारलं, तुमच्या उजव्या डोळ्याची तपासणी कधी केली, तर म्हणालात वेळ नाही. वन्सं! आम्हाला सहा-सहा महिन्यांनी बोलावता आणि स्वतःला वेळ नाही? मी पुढच्या सोमवारी सुट्टी घेतली आहे. येते. दवाखान्यात घेऊन जाणार. रुसून बसायचं असेल तर बसा, मला सवय आहे आता. बाकावर मधे ठकू असेलच.

सोबत कागदाची गुंडाळी पाठवली आहे. ठकूनं पट्टी धरून त्यावर जाड काळ्या रेघा मारल्यात, दोन रेघांमधे चांगलं बोटभर अंतर ठेवून, तुम्हाला दिसतील अशा. खिडकीत उजेडाला बसून मारत होती. मी म्हटलं, कागद लांब धर, तर म्हणाली, "लांबच आहे, आई. चष्मा आहे ना मला. आत्याच्या ओळी पडतात, म्हणून मारतेय."

त्याच कागदावर लिहा आता. एकही रेघ वाकडी नाही, मी बघितलंय.

तुमची भावजय